बंदी बारा महिन्यांची, व्यसन जन्माचे

हुक्का पार्लर ही मुंबई-पुण्याची चीज. मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी धूर ओढण्यासाठी कोणी गाद्यागिरद्यांची खोली थाटत नाही. तेथे सुगंधी तंबाखूची पुडी पुरते. शहरातील महाविद्यालयीन तरुण ज्या फळांच्या वासाला भुलून हुक्क्याची नळी तोंडात धरतो, त्याच मोहाने खेड्यातील आठवी-नववीचा मुलगा वेलची-केवड्याच्या वासाची पुडी गालात धरतो. दोन्हींच्या बुडाशी निकोटीन आहे आणि दोन्हींवर गोडव्याचा लेप आहे. महाराष्ट्रात मात्र या दोहोंना दोन निराळे न्याय लावले जातात. हुक्का पार्लरसाठी विधिमंडळाने केलेला कायमचा कायदा आहे. पुडीसाठी दर वर्षी नव्याने काढावा लागणारा आदेश आहे. शासनाने सुगंधी तंबाखूवर व हुक्क्यावर बंदी घालावी की नुसते निर्बंध ठेवावेत, हा प्रश्न चर्चेला घेताना या विषमतेपासूनच सुरुवात केली पाहिजे.

आगीतून निघालेला कायदा

दक्षिणेला तंबाखू नवा नाही. अकबराच्या अखेरच्या वर्षांत त्याचा वकील असद बेग विजापूरला आला आणि परतताना आग्र्याच्या दरबारी तंबाखू व तो ओढण्याची नळी घेऊन गेला, हे इतिहासाला ठाऊक आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. बादशहाचा हुकूम होता, तरी हुक्का सरदारांच्या महालातून निघून गावच्या चावडीपर्यंत पोचलाच. नुसत्या हुकुमाने व्यसन हटत नाही, हा धडा चारशे वर्षांचा जुना आहे.

आजचा हुक्का चावडीवरचा राहिलेला नाही. १९९० नंतरच्या काळात काकवी आणि फळांचे अर्क मिसळलेला तंबाखू जगभर पसरला आणि म्हाताऱ्यांची ही सवय तरुणांची चैन झाली. धूर पाण्यातून येतो म्हणून तो निर्मळ होतो, ही समजूत या चैनीच्या पाठीशी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ती खोडून काढली होती. तासाभराच्या एका बैठकीत हुक्का ओढणाऱ्याच्या छातीत शंभर वा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर जाऊ शकतो, असे तिने त्या वेळी सांगितले. तंबाखू नसलेल्या, तथाकथित 'हर्बल' हुक्क्यातही निखारा असतोच आणि निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच.

तरीही महाराष्ट्रात हुक्क्याविरुद्ध कायदा झाला तो या शास्त्रीय इशाऱ्यामुळे नव्हे. मुंबई महापालिकेने उपाहारगृहांच्या परवान्यात घातलेली हुक्क्यावरील बंदीची अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रद्द ठरविली होती. संसदेच्या कायद्याने मर्यादित स्वरूपात ज्याला मुभा दिली आहे, ते परवान्याच्या एका अटीने हिरावून घेता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्यानंतर तीन वर्षे काहीच हालले नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारात आग लागली, चौदा माणसे मृत्युमुखी पडली आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याचा संशय पुढे आला. मग मात्र विधिमंडळाने २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून ती २०१८ मध्ये अमलात आली. हुक्का पार्लर चालविणाऱ्यास किमान एक वर्ष ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड, अशी तरतूद तीत आहे. 'हर्बल' हुक्क्याची पळवाट पुढेही वादात राहिली. परंतु उपाहारगृहाच्या परवान्यातच हुक्क्याची परवानगी अनुस्यूत आहे असे मानता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शासनाने मनावर घेतले तेव्हा कायदा करता आला, संमती मिळविता आली आणि शिक्षाही ठरविता आली. अडचण अधिकाराची नव्हती. आग एका रात्रीत चौदा जीव घेते, म्हणून ती दिसते. पुडी वीस वर्षांनी जीव घेते, म्हणून ती दिसत नाही.

पुडीची कहाणी

पुडीवरील बंदीचा इतिहास हुक्क्याहून जुना असूनही तिचा पाया अधिक कच्चा आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी ती रद्द केली. अन्न अधिकाऱ्याचा बंदीचा अधिकार तात्पुरत्या संकटासाठी आहे, कायमचे धोरण ठरविण्यासाठी नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जे विनियम झाले, त्यांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू अथवा निकोटीन वापरू नये असे नमूद झाले. त्याच्या आधारे आधी मध्य प्रदेशने आणि पाठोपाठ जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. उत्पादकांनी मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत भरून दोन्ही जोडीने विकण्यास आरंभ केला, तेव्हा २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी यांनाही बंदीच्या कक्षेत आणण्यात आले.

हे पाऊल योग्यच होते. परंतु ज्या कलमाखाली हा आदेश निघतो, त्यात अन्नसुरक्षा आयुक्तांना बंदी घालता येते ती एका वर्षापेक्षा अधिक नाही. म्हणून मुदत संपत आली की नवा आदेश निघतो, तो संपत आला की आणखी एक. २००४ मध्ये न्यायालयाने ज्या कारणास्तव बंदी रद्द केली, तेच कारण उत्पादकांच्या वकिलांच्या हाती आजही आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तेथील अशा वार्षिक आदेशांना अवैध ठरविले. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीच्या द्विसदस्य खंडपीठाने आधीचा निर्णय फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या निर्णयास स्थगिती दिली, म्हणून बंदी टिकली. सार्वजनिक आरोग्याचे एवढे मोठे धोरण स्थगितीच्या आधाराने उभे असावे, ही समाधानाची गोष्ट नव्हे.

शिक्षेच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे आणि त्याचा संबंध थेट मराठवाड्याशी येतो. गुटखा पकडला गेला की पोलीस अन्नसुरक्षा कायद्याबरोबरच भारतीय दंडसंहितेची कलमे लावीत. त्यांत विषारी द्रव्य देऊन इजा करण्याचे ३२८ वे कलमही असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१६ मध्ये अशा प्रकरणांत दंडसंहितेखालील गुन्हे रद्द केले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बदलला आणि दोन्ही कायद्यांखाली खटला भरता येतो असे म्हटले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, अन्नभेसळीच्या कलमांपुरता अन्नसुरक्षा कायदाच वरचढ राहील, असा निर्वाळा दिला. पोलीस ठाण्याच्या अंमलदाराने कोणते कलम लावावे, हेच आठ-दहा वर्षे अनिश्चित राहिले तर खटले रेंगाळतात, आरोपी जामिनावर सुटतात आणि माल दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात येतो.

सीमा नकाशावर, बाजार पायाखाली

उमरीहून करखेली, धर्माबाद आणि पुढे बासर असा लोहमार्ग जातो. धर्माबाद महाराष्ट्रात आणि बासर तेलंगणात. ही सीमा १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेतून आली. तोवर नांदेड व निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. लातूरकडचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तर बीदर जिल्ह्यातच मोडत. सोयरिकी, आठवडी बाजार आणि उधारीचे व्यवहार या रेषेपेक्षा जुने आहेत. अशा मुलखात एका राज्याने एखादी वस्तू बंद केली आणि शेजारी तिच्या घटकांपैकी काही खुलेपणाने विकली जात राहिली, तर माल कोणत्या वाटेने येईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. गुटख्यावर तेलंगण व कर्नाटकातही बंदी आहे. परंतु पानमसाला, सुगंधी सुपारी व जर्दा यांविषयी प्रत्येक राज्याचा नियम एक नाही. दोन राज्यांच्या नियमांतील ही फट म्हणजेच तस्कराची शिडी होय.

हिमालयातील भूतानचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. भूतानने २००४ च्या अखेरीस तंबाखूच्या विक्रीवर देशव्यापी बंदी घातली आणि २०१० मध्ये अधिक कडक कायदा केला. परंतु भारताची सीमा उघडी होती. चोरटा व्यापार थांबला नाही आणि कोरोनाच्या साथीत सीमेपलीकडून येणाऱ्या तस्करांबरोबर रोग येण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा २०२१ मध्ये त्या देशाने विक्री पुन्हा खुली केली. एका सार्वभौम राष्ट्राला जे साधले नाही, ते एका राज्याच्या वार्षिक आदेशाला साधेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

यावरून बंदीच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू घेत असत; २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. या घटीचे सर्व श्रेय एकट्या बंदीला देता येणार नाही. तथापि दोन पाहण्यांच्या मधल्या काळात गुटखा दुकानाच्या दर्शनी भागातून आणि जाहिरातींतून हटला, हेही विसरता येत नाही. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मात्र डोळे उघडणारा आहे. १५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांतील सेवनाचे प्रमाण याच काळात २.९ वरून ५.५ टक्क्यांवर गेले. थोरांची संख्या घटली आणि पोरांची वाढली. शिवाय राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत. हुक्क्याविरुद्ध कायदा झाला हे चांगलेच झाले. पण महाराष्ट्राचे खरे दुखणे धुरात नसून गालात आहे, हे या आकड्यांनी सांगितले आहे.

सुगंधावरच घाव का?

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाने काय खावे, काय ओढावे हे शासनाने का ठरवावे? साधा तंबाखू, विडी व सिगारेट खुल्या असताना केवळ सुगंधीवर रोष कशासाठी? याचे उत्तर तंबाखूच्या सुगंधाच्या प्रयोजनात आहे. कडू, घशाला झोंबणारा तंबाखू नवख्या मुलाला पहिल्याच वेळी थुंकून टाकावासा वाटतो. निसर्गाने दिलेला तो इशारा आहे. वेलची, पुदिना, केवडा वा सफरचंद यांचा वास हा इशारा पुसून टाकतो. ज्याला सवय लागून वीस वर्षे झाली आहेत, त्याला सुगंधाची गरज नसते. सुगंध लागतो तो नव्या गिऱ्हाइकाला, आणि नवे गिऱ्हाईक बहुधा अज्ञान असते. स्वातंत्र्याचा युक्तिवाद सज्ञान व्यक्तीसाठी असतो. मुलाला फसविण्याचे स्वातंत्र्य त्यात येत नाही.

अमेरिकेने २००९ मध्ये सिगारेटमधील गोड व फळांचे स्वाद याच कारणासाठी बंद केले. पण पुदिन्याचा स्वाद मोकळा ठेवला आणि अन्य तंबाखू पदार्थांना हात लावला नाही. स्वादाचा धंदा मग त्या मोकळ्या वाटांनी चालू राहिला. युरोपीय संघाने २०२० मध्ये सिगारेटमधील पुदिनाही बंद केला. अर्धवट बंदी व्यसनाला दार बदलावयास लावते, घर सोडावयास नव्हे, हा यातून घ्यावयाचा बोध आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. लहान पानपट्टीवाल्याचा संसार या विक्रीवर चालतो, हे नाकारता येणार नाही. तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्याची व्यथाही खोटी नाही. निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये भावासाठी केलेले आंदोलन मराठी वाचकांच्या स्मरणात आहे. परंतु निपाणीचा तंबाखू मुख्यतः विडीचा. सुगंधावरील बंदीने त्याच्यावर थेट घाव पडत नाही. या व्यवहारातील मोठा नफा शेतकऱ्याच्या वा टपरीवाल्याच्या पदरात पडत नाही. तो पुडी भरणाऱ्याकडे आणि चोरवाटेने ती पोचविणाऱ्याकडे जातो. कारवाई मात्र सर्वांत सोपी टपरीवाल्यावर. चार पुड्या सापडलेला दुकानदार ठाण्यात बसतो आणि ट्रकभर मालाचा मालक कागदावरही येत नाही, अशी बंदी गरिबाला जाचक आणि श्रीमंताला फायद्याची ठरते.

तिसरा आक्षेप महसुलाचा. त्याचे उत्तर रुग्णालयांच्या दारी मिळते. सुपारी व तंबाखू यांच्या मिश्रणाने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, भाकरीचा घास आत जात नाही. आणि या अवस्थेतून पुढे काहींना कर्करोग होतो. सुपारी हीच स्वतः कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. उमरीच्या वा लातूरच्या रुग्णाला मग छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. शेत विकून केलेल्या त्या प्रवासांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

दोनशे रुपये की सात वर्षे?

कायद्यांची वाण नाही, विसंगती मात्र पुष्कळ आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणाऱ्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दंड होतो तो अधिकाधिक दोनशे रुपये. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणाऱ्यासही तोच. याच कृत्यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एका गुन्ह्याला दोन कायद्यांत एवढे अंतर असले की व्यवहारात बहुधा स्वस्त कायदाच वापरला जातो. २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास मनाई केली. तिची आठवण आज किती दुकानदारांना आहे, हे कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे.

तेव्हा 'बंदी की निर्बंध' या प्रश्नाचे उत्तर असे दिसते की, सुगंधावर बंदी हवी आणि उरलेल्या तंबाखूवर कसोशीने पाळले जाणारे निर्बंध हवेत. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे हुक्क्यासाठी जे केले तेच सुगंधी तंबाखूसाठी करावे. दर वर्षीच्या आदेशाऐवजी विधिमंडळाने कायमचा कायदा करून राष्ट्रपतींची संमती घ्यावी आणि गुन्हा, शिक्षा व तपासाचा अधिकार यांविषयी संदिग्धता ठेवू नये. दुसरी गोष्ट, सीमाभागाचे वास्तव ओळखून केंद्राने तंबाखूत स्वाद मिसळण्यासच देशभर मनाई करावी. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये संसदेने जी तत्परता दाखविली, ती येथे अशक्य नाही. कर्नाटक व तेलंगण यांनी २०२४ मध्ये हुक्क्याविरुद्ध पावले उचलली आहेत. शेजारी राज्ये एका दिशेने चालत असताना समान नियमाची बोलणी सुरू करण्यास हाच काळ योग्य होय. तिसरी गोष्ट, कारवाईचा रोख कारखाना, गोदाम व वाहतूक यांवर असावा, आणि किती माल जप्त झाला एवढेच न सांगता किती खटल्यांत शिक्षा झाली, हेही शासनाने जिल्हावार दर वर्षी प्रसिद्ध करावे. सवय लागलेल्याला मात्र गुन्हेगार ठरवू नये. त्याला ग्रामीण रुग्णालयातच सल्ला व उपचार मिळाले पाहिजेत.

राहिला प्रश्न शाळेचा. तंबाखूमुक्त शाळेचे फलक गावोगावी लागले आहेत. परंतु मधल्या सुटीत शिक्षक ओसरीवर चुना-तंबाखू मळीत उभे असतील आणि तहसील कार्यालयातील कारकुनाच्या मेजावर जर्द्याची डबी असेल, तर मुलगा फलक वाचत नाही. तो हात पाहतो. शासनाच्या आदेशाची मुदत बारा महिन्यांनी संपते आणि वाढवूनही मिळते. पंधराव्या वर्षी पहिली पुडी फोडणाऱ्या मुलाला अशी मुदतवाढ कोणीच देऊ शकत नाही. कायदा कायमचा झाला पाहिजे तो एवढ्याचसाठी. आणि तो होईपर्यंत शंभर यार्डांची रेषा राखण्याचे काम शिक्षक, पालक व गावचे ठाणे यांनी मिळून करणे, यात कोणत्याही न्यायालयाची स्थगिती आड येत नाही.